नट आणि मालक : केशवराव भोसले

केशवराव भोसले हें नांव आज बहुतेक मराठी माणसांस एका इमारतीमुळें परिचित आहे. कोल्हापुरास खासबाग मैदानाला लागून शाहू छत्रपतींनीं एक नाट्यगृह बांधविलें. १९१५ सालीं तें खुलें झालें तेव्हां त्याचें नांव ‘पॅलेस थिएटर’ असें होतें. पुढें १९५७ सालीं त्याला केशवरावांचें नांव देण्यांत आलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं या नाट्यगृहास आग लागली, आणि रंगमंच व छप्पर जळून गेलें. दुसरा दिवस, म्हणजे ९ ऑगस्ट, हा केशवरावांचा जन्मदिवस. ज्यांनीं ती बातमी वाचली त्यांपैकीं कित्येकांच्या मनांत त्या दिवशीं प्रथमच असा प्रश्न आला असेल कीं, ज्याच्या नांवाचें घर जळालें तो हा माणूस होता तरी कोण? त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आज विचार आहे.

आपल्या वसमतेपासून कोल्हापूर पुष्कळ दूर. केशवराव रंगभूमीवर गात होते त्या काळीं हा आपला मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि १९४८ पर्यंत तसाच राहिला. तेव्हां दूरच्या एका नटाच्या चरित्राशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे तो असा : म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधलेली पोर, मुलीच्या बापापुढें मांडलेला हुंड्याचा आकडा, या गोष्टी जशा कोल्हापुरास माहीत होत्या तशा त्या वसमतेच्या वाड्यांनाही माहीत होत्या. केशवरावांनीं आपला गळा ज्या नाटकांसाठीं खर्चीं घातला, त्यांतलीं महत्त्वाचीं नाटकें याच गोष्टींविषयीं होतीं.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजीं कोल्हापुरास झाला. वडील लवकर वारले. घरांत कमावतें कोणी नाहीं आणि मुलें लहान, अशा स्थितींत आईनें मुलांस नाटक मंडळींत घातलें. ही मंडळी जनुभाऊ निमकर यांची ‘स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी’. शाळेचें शिक्षण केशवरावांस जवळजवळ मिळालेंच नाहीं. अक्षरांची ओळख होण्यापूर्वीं त्यांची सुरांशीं ओळख झाली, आणि तीच त्यांची पोटापाण्याची विद्या ठरली.

नाटक मंडळींत मुलगा घालणें म्हणजे काय, याची आज कल्पना करणें कठीण आहे. त्या काळीं मराठी नाटक मंडळ्यांतून स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत, आणि या भूमिकांसाठीं गोड गळ्याच्या कोवळ्या मुलांना मोठी मागणी असे. मंडळी मुलाला जेवूखावू घाली, कपडालत्ता देई, गाणें शिकवी. त्याच्या बदल्यांत मुलाचा आवाज मंडळीचा होई. लुगडें नेसून चालावें कसें, पदर सांवरावा कसा, लाजावें कसें, रडावें कसें, हें सारें तो शिके. आणि रात्रीं नऊदहाला सुरू होणारा खेळ पहाटेपर्यंत चाले तोंवर तो जागा राही. ध्वनिवर्धक नव्हते. पेटी, सारंगी, तबला यांच्या साथीवर गाऊन शेवटच्या रांगेंतल्या माणसापर्यंत शब्द पोंचवावा लागे, आणि प्रेक्षकांनीं ‘वन्स मोअर’चा गजर केला कीं तेंच पद पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा म्हणावें लागे. मग चौदापंधराव्या वर्षीं केव्हां तरी आवाज फुटे. फुटलेला आवाज पुन्हा जमला तर ठीक. न जमला तर काल ज्याच्यासाठीं गर्दी लोटत होती तो मुलगा आज पडदे ओढणाऱ्यांत दिसे, किंवा दिसेनासाच होई. अशीं किती मुलें आलीं आणि गेलीं, त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत. केशवरावांचें कर्तृत्व मोजतांना हीं मुलेंही ध्यानांत ठेवावयास हवींत.

केशवरावांचें नांव झालें तें ‘शारदे’च्या भूमिकेनें. गोविंद बल्लाळ देवलांचें ‘संगीत शारदा’ हें नाटक १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. कांचनभट हा लोभी बाप आपली मुलगी पंचाहत्तरीच्या घरांतल्या भुजंगनाथास द्यावयास निघतो, हा त्याचा विषय. पुराणांतल्या राजाराण्या सोडून शेजारच्या घरांतली मुलगी नायिका करणें हें त्या वेळच्या संगीत रंगभूमीला नवीन होतें. या नायिकेची भूमिका केशवरावांच्या वांट्यास आली तेव्हां ते बाराएक वर्षांचे होते, म्हणजे जवळजवळ नाटकांतल्या शारदेच्याच वयाचे. इतर ठिकाणीं प्रेक्षकांस वाढलेल्या पुरुषाच्या ठायीं बालिका कल्पावी लागे. येथें रंगमंचावर खरोखरच एक मूल उभें होतें. बापानें सौदा केलेलें मूल त्यानें दाखवावयाचें होतें, आणि दारिद्र्यापायीं तो स्वतःही कोवळ्या वयांतच दुसऱ्याच्या स्वाधीन झाला होता. त्याच्या तोंडची भीति प्रेक्षकांना खरी वाटली यांत नवल नाहीं. पुढें १९२९ सालीं बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. वास्तविक तो हरबिलास सारडा या गृहस्थांच्या नांवावरून ‘सारडा कायदा’. परंतु महाराष्ट्रांत पुष्कळांनीं त्याचा ‘शारदा कायदा’ करून टाकला. नाटकाचा ठसा लोकांच्या मनावर किती खोल उमटला होता याची ही एक मासलेवाईक खूण.

केशवरावांचा आवाज वयांत येतांना फुटून गेला नाहीं. तो उंच पट्टीचा, धारदार आणि तानेला चपळ असाच राहिला. अशा आवाजाच्या नटानें मालकाशीं घासाघीस करून पगार वाढवून घ्यावा आणि सुखानें राहावें, हा सरळ मार्ग होता. केशवरावांनीं तो घेतला नाहीं. १ जानेवारी १९०८ रोजीं हुबळीस त्यांनीं स्वतःची ‘ललितकलादर्श नाटक मंडळी’ काढली. त्या दिवशीं त्यांचें वय साडेसतरा वर्षांहून कमी होतें.

मंडळी काढणें म्हणजे नुसता फलक लावणें नव्हे. नट, गवई, साथीदार, रंगारी, शिंपी, आचारी, गडी अशा कितीतरी माणसांचें बिऱ्हाड गांवोगांव न्यावयाचें. आगगाडींतून पडदे आणि पेट्या वाहावयाच्या. थिएटराचें भाडें, दिवाबत्ती, जाहिराती यांची तजवीज लावावयाची. खेळ पडला तरी सकाळची पंगत चुकूं द्यावयाची नाहीं. त्यांतून मालक स्वतःच मुख्य नट असला म्हणजे दिवसा हिशेब आणि रात्रीं नायिका! कर्जाची चिंता डोक्यांत असतांना सुभद्रेचें हसू तोंडावर आणावयाचें, ही कसरत केशवरावांनीं तेरा वर्षें केली. शाळा न पाहिलेल्या मुलानें ही जबाबदारी पेलली, हें त्यांच्या गाण्याइतकेंच आश्चर्यकारक आहे.

गाण्याची विद्या त्यांनीं मंडळींत मिळाली तेवढ्यावर सोडली नाहीं. ग्वाल्हेरच्या परंपरेंतले मोठे गवई रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांनीं घेतली, आणि पुढें मंडळीच्या नाटकांच्या चालीही बुवांनीं बांधल्या. नाट्यगीत म्हणजे हलकें गाणें, ही समजूत ज्यांनीं मोडून काढली त्यांत या गुरुशिष्यांचा मोठा वांटा आहे.

नाटकांची निवड पाहिली म्हणजे या तरुण मालकाची दृष्टि ध्यानांत येते. १९१२ सालीं त्यांनीं हिराबाई पेडणेकर यांचें ‘संगीत दामिनी’ रंगभूमीवर आणलें. स्त्रीनें लिहिलेलें नाटक नामांकित व्यावसायिक मंडळीनें करावें ही त्या काळीं अपूर्व गोष्ट होती. आणि हिराबाई तर कलावंतिणीच्या समाजांतल्या, म्हणजे प्रतिष्ठितांनीं ज्यांचें गाणें ऐकावें पण ज्यांस आपल्या बैठकींत मान देऊं नये अशांपैकीं! केशवरावांनीं नाटक पाहिलें, लेखिकेची जात पाहिली नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९१३ सालीं, अमरावतीचे देशभक्त वीर वामनराव जोशी यांचें ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हें नाटक त्यांनीं केलें. त्यांतली मृणालिनी ही त्यांची अत्यंत गाजलेली भूमिका. या नाटकानें मंडळीस पैसा आणि कीर्ति दोन्ही दिलीं.

येथें थोडें दूर दृष्टि टाकूं. याच वेळीं अमेरिकेंत, न्यूयॉर्क शहरांतल्या ब्रॉडवे नांवाच्या प्रसिद्ध नाट्यवस्तींत ज्यूलियन एल्टिंज नांवाचा एक नट गाजत होता. तोही स्त्रीवेषासाठीं प्रसिद्ध. १९१२ सालीं तेथें बेचाळिसाव्या रस्त्यावर त्याच्या नांवाचें नाट्यगृह उभें राहिलें, म्हणजे नटाच्या हयातींतच. परंतु दोघांत मोठा फरक आहे. ब्रॉडवेवर स्त्रिया नट म्हणून वावरतच होत्या. त्यामुळें पुरुषानें स्त्री होणें हें तेथें एक कौतुक होतें, गंमत होती. वेष उतरवून तो पुरुष म्हणून समोर आला कीं टाळ्या पडत. आपल्याकडे हें कौतुक नव्हतें, रूढि होती. शारदेचें दुःख सांगावयास रंगमंचावर दुसरें कोणी येऊंच शकत नव्हतें, म्हणून तें मुलग्यानें सांगावयाचें. स्त्रियांनीं स्त्रियांच्या भूमिका कराव्यात ही गोष्ट प्रतिष्ठित मराठी रंगभूमीवर रुजली ती पुष्कळ नंतर. १९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ केलें, तो त्यांतला एक महत्त्वाचा टप्पा. एल्टिंजची चलती त्याच्या हयातींतच ओसरली आणि १९४१ सालीं तो वारला. त्याच्या नाट्यगृहाचें चित्रपटगृह झालें. १९९८ सालीं ती इमारत आहे तशी उचलून सुमारें १७० फूट पुढें सरकविण्यांत आली. इमारत टिकली, पण त्या नांवानें तिला आज कोणी ओळखत नाहीं. कोल्हापुरास याच्या उलट झालें : घर जळालें आणि नांव राहिलें.

केशवरावांस स्त्रीवेषांत लोकप्रियता असतांनाच आपण पुरुषभूमिकांकडे वळावें असें वाटूं लागलें. ज्या गोष्टीनें नांव दिलें ती आपण होऊन सोडणें कोणत्याही नटास अवघड जातें; आणि येथें तर नटाच्या नांवावर सबंध मंडळीची चूल पेटत होती. तरी ते नायकाच्या भूमिका करूं लागले. याच काळांत त्यांची भार्गवराम विठ्ठल उर्फ मामा वरेरकर या नाटककाराशीं गांठ पडली. वरेरकरांचें ‘हाच मुलाचा बाप’ हें नाटक १९१६–१७ च्या सुमारास ललितकलादर्शानें केलें. विषय हुंड्याचा. त्यापाठोपाठ ‘संन्याशाचा संसार’ आलें. त्यांत धर्मांतर आणि शुद्धि यांचा प्रश्न होता. वझेबुवांच्या चालींवर डोलणाऱ्या श्रोत्याला तो डोलत असतांनाच आपल्या घरांतला व्यवहार समोर दिसूं लागला. हुंड्यावर बंदी घालणारा कायदा व्हावयास १९६१ साल उजाडावें लागलें, आणि कायदा होऊनही हुंडा कोठें गेला नाहीं, हें आपणांस ठाऊक आहे. वसमतेच्या किंवा कोणत्याही गांवच्या लग्नाच्या बैठकींत मुलाच्या बापाचा आवाज चढतो तेव्हां वरेरकरांचें नाटक जुनें झालें असें म्हणवत नाहीं.

रंगभूमीच्या बाह्यांगाकडेही त्यांचें तितकेंच लक्ष असे. दर्शनीं मखमली पडदा वापरणाऱ्या पहिल्या मराठी मंडळ्यांत ललितकलादर्शाची गणना होते. चित्रकार पु. श्री. काळे यांच्या हातचे देखावे हें या मंडळीचें भूषण होतें. राजवाड्याचा एकच पडदा सर्व राजांना पुरवावयाचा, ही जुनी काटकसर या मंडळीस मान्य नव्हती. प्रसंग घरांतला असेल तर घर दिसलें पाहिजे, हा आग्रह तिनें धरला.

आतां त्या सुप्रसिद्ध रात्रीकडे येऊं. मराठी संगीत रंगभूमीवर त्या वेळीं दोन नांवें सर्वांच्या तोंडीं होतीं : नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, आणि केशवराव भोसले. बालगंधर्व दोन वर्षांनीं वडील. एकाचें गाणें लडिवाळ आणि आर्जवी, तर दुसऱ्याचें तेजस्वी आणि चढतें. दोघांच्या मंडळ्या निराळ्या, चाहते निराळे, आणि चाहत्यांचीं भांडणें तर नटांहूनही मोठीं. दोघे एकत्र उभे राहिले तर कोण कोणास झांकून टाकील, याच्या पैजा घराघरांत लागत. असा सामना होऊं न देणें यांतच दोघांचें व्यावहारिक हित होतें, कारण हरणाऱ्याचें नुकसान उघड होतें.

१९२१ सालीं लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ ‘टिळक स्वराज्य फंड’ जमत होता. त्यासाठीं या दोघांनीं एकत्र येण्याचें ठरविलें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘संगीत मानापमान’ हें नाटक निवडण्यांत आलें. बालगंधर्वांनीं भामिनी करावयाची आणि केशवरावांनीं धैर्यधर. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालीवाला थिएटरांत हा ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. तो मराठी रंगभूमीच्या इतिहासांत दंतकथेसारखा होऊन बसला आहे, आणि त्या रात्रीं कोण जिंकलें यावर अनेक वर्षें वाद चालले. परंतु त्या वादांत मुख्य गोष्ट हरवते. श्रीमंतीच्या तोऱ्यांत भामिनी एका गरीब पण शूर सेनापतीस झिडकारते, आणि पुढें त्याची खरी योग्यता ओळखते, असें हें नाटक. धैर्यधराची भूमिका करणारा नट स्वतः दारिद्र्यांतून वर आलेला. आणि रंगमंचावर दोन मालक आपापला मान बाजूस ठेवून देशकार्यासाठीं उभे. एकानें दुसऱ्याला झांकलें असतें तर लोकांनीं तो प्रयोग कुस्तीसारखा आठवला असता. दोघांनीं एकमेकांस जागा दिली, म्हणून तो नाटक म्हणून आठवला.

त्यानंतर तीन महिनेही गेले नाहींत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं विषमज्वरानें केशवरावांचा अंत झाला. वय अवघें एकतीस. विषमज्वरावर गुणकारी औषध हातीं येण्यास अजून पंचवीस वर्षांहून अधिक अवकाश होता. बालगंधर्वांस १९६७ पर्यंतचें दीर्घ आयुष्य लाभलें. त्यांच्या गाण्याच्या तबकड्या, त्यांची भरभराट आणि त्यांची पडती हें सारें लोकांनीं पाहिलें. केशवरावांचें म्हातारपण कोणी पाहिलें नाहीं. ते लोकांच्या स्मरणांत भरात असतांनाच थांबले.

मालक आणि मुख्य नट एकच असला म्हणजे तो गेल्यावर मंडळी मोडते, असा आपल्याकडचा अनुभव आहे. ललितकलादर्शाच्या बाबतींत तसें झालें नाहीं. केशवरावांचे सहकारी व्यंकटेश बळवंत उर्फ बापूराव पेंढारकर यांनीं मंडळीची धुरा उचलली. वरेरकरांचें ‘सत्तेचे गुलाम’ १९२२ सालीं आलें. पुढें गिरणी कामगारांच्या जीवनावरचें ‘सोन्याचा कळस’ही याच मंडळीनें केलें. १९३७ सालीं बापूराव वारले. त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर, ज्यांचा जन्म केशवरावांच्या मृत्यूनंतर महिन्या-दोन महिन्यांनीं झालेला, त्यांनीं १९४२ सालीं संस्था पुन्हा उभी केली आणि ‘दुरितांचें तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ अशीं नाटकें करून तिचें नांव पुढच्या पिढ्यांपर्यंत नेलें. २०१५ सालीं त्यांचें निधन झालें. साडेसतरा वर्षांच्या मुलानें हुबळीस लावलेलें रोप त्याच्या रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसांनीं असें वाढविलें.

याचें कारण काय असावें? केशवरावांनीं आपल्या मंडळीचा पाया केवळ स्वतःच्या गळ्यावर घातला नव्हता, हेंच याचें कारण. चालींसाठीं वझेबुवा, लेखणीसाठीं वरेरकर, देखाव्यांसाठीं रंगारी, भूमिकांसाठीं पेंढारकरांसारखा तरुण सहकारी, अशीं त्या त्या कामांत आपल्याहून जाणतीं माणसें त्यांनीं जवळ केलीं. ज्याला लहानपणीं दुसऱ्याच्या मंडळींत केवळ ‘एक आवाज’ म्हणून मोजलें गेलें, त्यानें मालक झाल्यावर माणसांना नुसतें वापरून टाकलें नाहीं. नटाचा आवाज त्याच्याबरोबर जातो. त्यानें जोडलेलीं माणसें आणि लावलेली शिस्त मात्र मागें राहते, आणि मला वाटतें केशवरावांची थोरवी पाहावयाची तर ती येथें पाहावी.

कोल्हापूरचें नाट्यगृह जळाल्यावर तें पुन्हा बांधण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. तें चांगलेंच झालें. गांवास नाटकासाठीं घर हवेंच. परंतु इमारत पूर्ण झाली कीं स्मारक पूर्ण झालें, असें समजण्याचें कारण नाहीं. केशवरावांना दिलेला खरा मान त्या रंगमंचावर काय खेळलें जाईल यावर ठरेल. जुन्या पदांच्या मैफली तेथें अवश्य व्हाव्यात. पण आजच्या घरांतली शारदा आज कोण आहे आणि मुलाचा बाप आज काय मागतो, हें गाऊन वा बोलून सांगणारें एखादें नवें नाटकही तेथें यावें. आणि तें पाहावयास, दूरच्या वसमतेचा का होईना, एखादा प्रेक्षक मुद्दाम गाडी धरून जावा.